पिकअपचा एअर फिल्टर: किती वेळा उघडावा आणि केव्हा बदलावा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन असलेली, बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काळातली, सुमारे सात वर्षे चाललेली पिकअप चांदवड परिसरातल्या मळ्यांतून लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांत कांदा वाहते. चालक दर आठवड्याला पंक्चरच्या दुकानात एअर फिल्टर काढून त्याला हवा मारून घेतो. तरीही राहुड घाटात भरलेली गाडी दम टाकते, काळा धूर सोडते आणि ॲव्हरेजही घसरले आहे. फिल्टर किती किलोमीटरला बदलावा, हवा मारणे योग्य की अयोग्य, आणि धुता येणारा कापडी फिल्टर घ्यावा काय, असे आपण विचारले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दर आठवड्याला हवा मारणे आजपासून बंद करावे. आपल्या गाडीला फिल्टरमुळे काही धोका असलाच, तर तो फिल्टर तुंबण्यापेक्षा तो वारंवार हाताळला जाण्यातून अधिक आहे. तुंबलेला फिल्टर गाडीची ताकद कमी करतो आणि नवा बसवला की ती परत मिळते. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर मात्र आतल्या आत बोअर-पिस्टन खातो, आणि ते चालकाला कित्येक महिने कळतही नाही, कारण अशा फिल्टरमधून हवा उलट मोकळी येत असल्याने गाडी छान पळते.

इंजिन किती हवा ओढते याचा अंदाज असला म्हणजे पुढचे सगळे पटेल. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेते. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालत असेल तर टर्बोचा विचार न करताही मिनिटाला अडीच हजार लिटर, म्हणजे तासाला दीड लाख लिटर हवा फिल्टरच्या त्या एका डब्यातून जाते. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, दाब देऊ लागला की आकडा आणखी चढतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान बारा किलो हवा लागते, म्हणजे आकारमानाने सुमारे दहा हजार लिटर, आणि डिझेल इंजिन नेहमी याहून बरीच जास्त हवा घेऊन चालते. टाकीत डिझेल भरताना आपण पावती पाहतो, भेसळीची चौकशी करतो. त्याच्या हजारो पट हवा कशी येते इकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

या हवेतली धूळ सारखी नसते. शेतरस्त्याच्या मातीत आणि खडीच्या भुकटीत सिलिकाचे, म्हणजे वाळूचे कण असतात, आणि ते लोखंडाहून कठीण असतात. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ दिसायला भयंकर असली तरी फिल्टरमध्ये ती सहज अडकते. खरा घात करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचे लायनर यांच्यामधल्या किंवा बेअरिंगमधल्या ऑइलच्या थराची जाडी साधारण याच मापाची असते. कण त्या फटीत शिरतो, दोन्ही पृष्ठभाग खरवडतो, मग ऑइलमध्ये उतरतो आणि बेअरिंगपर्यंत फिरत राहतो. ऑइल फिल्टर यातले काही कण पकडतो, सगळे पकडत नाही. नाशिक जिल्ह्यात एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख वीटभट्ट्यांवर वाहून नेणाऱ्या गाड्या आहेत, खडी क्रशरवर चालणाऱ्या आहेत, आणि आपल्यासारख्या मळ्यात शिरणाऱ्या आहेत. या तिन्हींचे फिल्टर एकाच किलोमीटरला बदलावेत असा नियम मला तरी करता येणार नाही.

आता कागदी फिल्टर काम कसे करतो ते पाहू, कारण हवा मारण्याविषयीचा गैरसमज इथूनच सुरू होतो. घड्या घातलेला तो कागद राळ लावून कडक केलेला असतो आणि त्याची छिद्रे एकसारखी नसतात. अगदी नवा फिल्टर त्याच्या आयुष्यात सर्वांत कमी धूळ अडवतो. थोडी धूळ कागदावर बसली की तोच थर पुढची धूळ अडवू लागतो. चहाच्या गाळणीत चोथा साठल्यावर उरलेला चहा अधिक स्वच्छ उतरतो, तसेच हे. म्हणजे मळकट दिसणारा, पण हवा पुरेशी सोडणारा फिल्टर हा उत्तम अवस्थेतला फिल्टर असतो. दर आठवड्याला तो थर उडवून लावला की आपण त्याला पुन्हा सुरुवातीच्या कमजोर अवस्थेत आणतो. वर हवेच्या झोताने कागदाचे तंतू सैल होतात, बारीक कण कागदाच्या आत खोलवर ढकलले जातात, आणि फिल्टर वरून स्वच्छ दिसला तरी तो पहिल्यापेक्षा लवकर तुंबतो.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टायरसाठी असतो. तिथे शंभर-सव्वाशे पीएसआय दाब सहज असतो आणि नळीचे तोंड कागदाला जवळजवळ टेकवून हवा मारली जाते. बहुतेक उत्पादक फिल्टरसाठी तीस ते चाळीस पीएसआयची मर्यादा घालतात, आणि काही तर कागदी फिल्टर साफच करू नये असे स्पष्ट लिहितात. त्यातही हवा आतून बाहेर मारायची असते, बाहेरून आत नव्हे, आणि नळी वीतभर लांब धरायची असते. दुकानातला मुलगा मात्र बाहेरून मारतो, कारण धूळ बाहेर दिसते आणि ती उडालेली दाखवायची असते. त्यानंतर फिल्टर टायरवर दोन-चार वेळा आपटला जातो, त्यामुळे टोकाची पत्र्याची किंवा रबराची चकती कागदापासून सुटते किंवा वाकते. बोटाला जाणवणारही नाही एवढी ती फट असते, पण तासाला दीड लाख लिटर हवा ओढली जात असताना धूळ तिथूनच वाट काढते, कारण तिथे अडथळा सर्वांत कमी असतो.

शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडला की स्वच्छ, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला थोडी धूळ पडतेच. बावन्न आठवड्यांत बावन्न वेळा उघडलेला डबा आणि वर्षात तीन-चार वेळा उघडलेला डबा यांची तुलना केलीत तर फिल्टरच्या किमतीचा हिशेब करण्याची गरज उरत नाही.

मग तुंबला आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे डब्यावर किंवा पुढच्या नळीवर बसवलेला निदर्शक: पारदर्शक छोटी कुपी, जिच्यात फिल्टर तुंबल्यावर लाल पट्टी वर येते आणि तिथेच अडकून राहते. फिल्टरच्या पुढे इंजिनला किती जोराने हवा ओढावी लागते हे तो मोजतो. डिझेल गाड्यांत ही मर्यादा बहुधा पंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६३५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाच्या आसपास ठेवलेली असते. हा निदर्शक उभ्या गाडीत, आयडलवर बघून उपयोग नाही. भरलेली गाडी चढावर पूर्ण रेसमध्ये चालवून आल्यावर तो पाहावा, आणि नवा फिल्टर बसवल्यावर वरचे बटण दाबून पट्टी खाली आणावी. अनेक पिकअपमध्ये तो कारखान्यातून येत नाही, पण वेगळा विकत मिळतो आणि नळीला योग्य जागी जोडून घेता येतो. माझ्या मते धुळीत चालणाऱ्या व्यावसायिक गाडीत, फिल्टरसाठी करण्याजोगा हा एकच जादा खर्च आहे.

निदर्शक नसेल तर पाहणी करावी लागते आणि तिची पद्धत आहे. इंजिन बंद करून डब्याच्या बाहेरची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर झाकण उघडताच तीच आत पडते. क्लिपा एकामागून एक सोडाव्यात. त्या सगळ्या जोरात लागत होत्या की एखादी आधीच सैल होती हे इथेच बोटांना कळते, आणि सैल क्लिप हा अर्धा निदान असतो. फिल्टर हळू, किंचित फिरवत बाहेर काढावा, झटका देऊ नये. आता काहीही पुसण्याआधी इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ बोट फिरवावे. ही संपूर्ण पाहणीतली सर्वांत महत्त्वाची कृती आहे. बोटाला काही लागले नाही, किंवा इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेला किंचित ऑइलचा ओशटपणा लागला, तर चिंता नाही. पण कोरडी, खरखरीत, मातकट भुकटी लागली तर फिल्टर किती घाण आहे हा प्रश्नच मागे पडतो. धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात आहे. डब्याच्या आतल्या भिंतीवर नीट पाहिले तर ती कुठून शिरते तिथून सुरू होणारी एक निमुळती रेघ बहुधा दिसते. ती पुसण्याआधी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवावा, मेकॅनिकचे निम्मे काम वाचते.

त्यानंतर फिल्टरच्या रबरी सीलकडे वळावे. सील सपाट असेल तर जुन्या सीलवर डब्याच्या कडेचा दाबाचा ठसा सर्व बाजूंनी अखंड आणि सारख्या खोलीचा असायला हवा. जिथे ठसा पुसट किंवा तुटक आहे तिथे सील बसतच नव्हते. रबर कडक झाले असेल, नखाने दाबल्यावर परत उसळत नसेल, तर कागद कितीही चांगला असला तरी तो फिल्टर संपला. मग अंधाऱ्या जागी फिल्टरच्या आत बल्ब किंवा मोबाईलचा टॉर्च धरून बाहेरून पाहावे. उजेड सगळीकडून मंद, सारखा झिरपला पाहिजे; कुठे सुईच्या टोकाएवढा चमकणारा ठिपका दिसला तर फिल्टर फेकून द्यावा. त्या छिद्राला कुठलेही डिंक किंवा सोल्यूशन लावू नये. घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागद ओला होऊन फुगला असेल किंवा ऑइलने माखला असेल, तरीही तो परत बसवू नये.

गोल, दंडगोलाकार डबा असलेल्या गाड्यांत हवा आत येताना गोल फिरते, जाड धूळ बाहेरच्या भिंतीला लागून खाली पडते आणि तळाशी असलेल्या रबरी चोचीतून बाहेर टाकली जाते. ही चोच खालच्या बाजूला, जमिनीकडेच राहिली पाहिजे. झाकणावर वरच्या बाजूचा बाण असतो तो त्यासाठीच. झाकण उलटसुलट बसवले की धूळ साठत जाऊन कागदावरच चढते. चोच दोन बोटांत दाबून मोकळी करणे हे चालकाने रोज करण्यासारखे काम आहे. त्याला आठवड्याची हवा मारायची सवयच असेल तर तिच्याऐवजी हे शिकवावे. ती चोच फाटली, किंवा काही महाभाग करतात तशी ती कापून टाकली, तर खालून थेट चाकांनी उडवलेली धूळ ओढली जाते.

कांदा वाहणाऱ्या गाड्यांचा एक वेगळा त्रास आहे. उन्हाळ कांद्याच्या हंगामात सुकलेल्या सालींचे पापुद्रे वाऱ्यावर उडतात आणि हवा ओढणाऱ्या तोंडाच्या जाळीवर चिकटतात, किंवा आत जाऊन डब्याच्या धुळीच्या बाजूला साठतात. हे पापुद्रे फिल्टर फाडत नाहीत, पण कागदाचा मोठा भाग झाकून टाकतात, आणि मग फिल्टर स्वच्छ असूनही गाडी गुदमरते. अशा वेळी फिल्टरला हात न लावता तोंडाची जाळी आणि डब्याची धुळीकडची बाजू हाताने साफ केली की काम होते. कांदा चाळीजवळ किंवा गोदामाजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीरही शिरतात. ते कागद कुरतडून तिथेच घर करतात. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी एकदा झाकण उघडून पाहावे, वारंवार उघडू नये हा नियम इथे लागू नाही.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी आणि तिचे क्लॅम्प हेही फिल्टरचेच भाग समजावेत. सात वर्षांच्या गाडीत रबरी नळी घड्यांच्या खोबणीत तडकते; वरून ती धड दिसते, पण हाताने वाकवली की भेग उघडते. इथून शिरलेली धूळ गाळली जात नाही, ती सरळ टर्बोच्या पात्यांवर आदळते. नळी काढून टर्बोचे पंख टॉर्चने पाहावेत: पात्यांची पुढची धार बोथट, खरवडलेली दिसली तर धूळ बऱ्याच दिवसांपासून जात आहे. बाजारातला साधा पट्टीचा क्लॅम्प अति आवळला की नळी चिरतो आणि कमी आवळला की सरकतो, म्हणून मूळचा क्लॅम्प जपून ठेवावा.

आता आपल्या काळ्या धुराकडे येतो. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, डिझेल तेवढेच राहिले तर ते अपुरे जळते आणि काजळी बाहेर पडते, हे खरे आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत हे हमखास दिसते. संगणकाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनात, विशेषतः हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत, संगणक डिझेलही कमी करतो, म्हणून तिथे धुरापेक्षा ताकद गेल्याची तक्रार आधी येते. भरलेल्या गाडीने घाटात काळा धूर सोडण्याची फिल्टरखेरीज जी कारणे आहेत त्यांत मला सर्वांत जास्त वेळा आढळते ती टर्बोच्या पुढची गळती: इंटरकूलरची (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची) नळी फाटलेली किंवा क्लॅम्पमधून सरकलेली. नळीच्या सांध्याभोवती ओशट काळपट डाग आणि चढावर येणारा फुस्स असा आवाज ही तिची खूण. त्यानंतर काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि झिजलेले इंजेक्टर. निर्णय घेण्याची स्वस्त पद्धत ही की अस्सल नवा फिल्टर बसवावा, आणि त्याच घाटात, त्याच भारावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. फरक पडला तर उत्तर मिळाले. नाही पडला तर नवा फिल्टर तसाच ठेवून नळ्यांकडे वळावे. फिल्टर काढून, डबा रिकामा ठेवून रस्त्यावर चाचणी घेण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती आपल्या गाडीवर होऊ देऊ नये.

ॲव्हरेजबद्दलही थोडे सबुरीने घ्यावे. फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतो ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत संगणकाने इंधन नियंत्रित होणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज तुंबलेल्या फिल्टरमुळे फारसे घसरले नव्हते. घसरला तो वेग पकडण्याचा दम. भरलेल्या डिझेल गाडीला तोच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ॲव्हरेज ठळकपणे पडले असेल तर टायरमधली हवा, चिकटून चालणारे ब्रेक, घसरणारी क्लच प्लेट आणि वर सांगितलेली टर्बोची गळती यांची तपासणी आधी व्हावी. सगळा दोष फिल्टरवर टाकला की त्याला आठवड्याला हवा मारायची बुद्धी होते.

आपण विचारले नाही, पण एक तपासणी या निमित्ताने करून घ्यावी, कारण वर्षानुवर्षे हवा मारलेल्या फिल्टरने धूळ सोडली असण्याची शक्यता आहे. गेल्या काही महिन्यांत इंजिन ऑइल वरून भरावे लागते काय? गरम इंजिनाची ऑइल भरण्याची टोपी आयडलवर सैल केली तर तिथून भसाभस धूर येतो काय? सकाळी सुरू करताना निळसर धूर दिसतो काय? यांपैकी दोन गोष्टी असतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्यावे. ऑइलच्या प्रयोगशाळा तपासणीची सोय जवळ असेल तर जुन्या ऑइलचा नमुना द्यावा; अहवालात लोखंडासोबत सिलिकॉनचे (मातीतल्या सिलिकातल्या मूलद्रव्याचे) प्रमाण वाढलेले दिसले तर धूळ आत जात असल्याचा तो भक्कम पुरावा असतो. मात्र नुकताच कुठल्या सांध्याला सिलिकॉनचा सीलंट लावला असेल तर तोही आकडा वाढवतो, हे प्रयोगशाळेला सांगावे.

किलोमीटरचा आकडा आपल्याला हवा आहे. पहिला आधार गाडीची सर्व्हिस पुस्तिका, आणि तिच्यात धुळीच्या वापरासाठी वेगळी ओळ असते ती वाचावी. बहुतेक जण महामार्गाच्या ओळीवर थांबतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: मुंबई–आग्रा महामार्गावरच धावणाऱ्या गाडीला पुस्तिकेतला आकडा चालतो, अर्धे अंतर शेतरस्त्यांवर जाणाऱ्या आपल्यासारख्या गाडीचा डबा प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी उघडून वरीलप्रमाणे पाहावा, आणि फिल्टर पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्म्यावर, किंवा हंगाम संपताच, जे आधी येईल तेव्हा बदलावा. क्रशर किंवा राखेच्या कामावरच्या गाडीला निदर्शकाशिवाय कोणताही आकडा देण्याची माझी तयारी नाही. फिल्टर एक वर्षाहून जास्त ठेवू नये, गाडी कमी चालली असली तरी, कारण पावसाळ्याच्या दमटपणाने कागद आणि डिंक दोन्ही ढिले पडतात. एखाद्या वेळी गावात नवा फिल्टर मिळत नाही आणि गाडी तर निघायलाच हवी, अशा अडचणीत एकदा, कमी दाबाने, आतून बाहेर हवा मारलेली चालेल; तो फिल्टर पुढच्या बाजारदिवसापर्यंत बदलायचा, एवढे पथ्य पाळावे. पाण्याने, डिझेलने किंवा पेट्रोलने कागदी फिल्टर धुण्याचा विचारही करू नये.

काही गाड्यांत मुख्य फिल्टरच्या आत दुसरा, पातळ सुरक्षा फिल्टर असतो. तो कधीही साफ करायचा नसतो. मुख्य फिल्टर तीनदा बदलला की त्याला एकदा बदलावे. तो मातीने माखलेला निघाला तर बाहेरचा फिल्टर गळतो आहे, हे निश्चित.

खरेदी करताना नकली मालापासून जपावे, कारण फिल्टर ही नक्कल करायला सोपी वस्तू आहे. खोका, होलोग्राम हे सगळे छापता येते, म्हणून जुना अस्सल फिल्टर सोबत नेऊन शेजारी ठेवून पाहावे. घड्यांची संख्या लक्षणीय कमी आहे काय, घड्या वाकड्या आणि अंतर असमान आहे काय, सीलचे रबर प्लास्टिकसारखे कडक आहे काय, उंची दोन-तीन मिलिमीटरने कमी आहे काय, हे पाच मिनिटांत कळते. उंचीतला फरक सर्वांत वाईट, कारण झाकण लागते, क्लिपा लागतात, आणि सील मात्र दबतच नाही.

धुता येणाऱ्या, तेल लावलेल्या कापडी फिल्टरबद्दल माझे मत आपल्या गाडीसाठी नको असे आहे. त्याची रचना हवा मोकळी सोडण्यासाठी केलेली असते. बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद त्याच्या पुढे असतो. त्याला धुवायचे, सावलीत पूर्ण वाळवायचे आणि मोजून तेल लावायचे, हे काम हंगामात रात्री दोनला बाजार समितीच्या रांगेत उभ्या असलेल्या चालकाकडून होणार नाही. तेल जास्त झाले तर ते हवेबरोबर उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि चुकीचे मोजमाप होते. कमी झाले तर धूळ पार जाते. कागदी फिल्टरवर जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा गुंडाळणारेही आहेत. त्याने फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण कापड ओले झाले की हवा कोंडते, आणि त्याचा सुटलेला धागा किंवा कडा सीलखाली अडकली की धुळीला वाट मिळते.

पावसाळ्यात एखाद्या फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढताना ती मध्येच बंद पडली, तर स्टार्टर मारू नये. आधी फिल्टरचा डबा उघडावा. कागद कोरडा असेल तर पुढे जावे. ओला असेल, डब्यात पाणी असेल, तर ते सिलिंडरमध्येही गेले असण्याची शक्यता धरावी आणि ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढेपर्यंत इंजिन फिरवू नये, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवा फिल्टर बसवताना डब्याची आतली बाजू किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, तिथे हवा अजिबात मारू नये, आणि पुसताना इंजिनकडच्या नळीच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबून ठेवावे; ते काढायला विसरू नये म्हणून त्याचे एक टोक बाहेर लोंबते ठेवावे. फिल्टर मध्यावर ढकलून न बसवता कडांवर दाब देऊन बसवावा. टोकाच्या चकतीवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहावेत. झाकण लावल्यावर क्लिपा समोरासमोरच्या क्रमाने लावाव्यात, आणि एखादी क्लिप लागायला फार जोर पडत असेल तर ती ठोकू नये. फिल्टर तिरका बसला आहे, तो काढून पुन्हा बसवावा.